रबर आधी मळून घ्या, मंग बोला

मी मूळची वरवट बकालची, नाव माह्यं शांता, लगन होऊन खामगावात आली अन् धनी गेल्यावर रबरच्या कारखान्यात लागली, आता काय सांगू तुम्हाले, पहिले पहिले तर त्या वासानं मले जेवन जाये नाई, केसात रबर, लुगड्यात रबर, भाकरीलेबी रबरचाच वास. आम्ही तेलाच्या मिलले लागनारे पट्टे बनवतो. त्यात दोन रबरं पडतात, एक झाडाचं अन् एक केमिकलचं. झाडाचं ताण सोसते पन तेल लागलं का फुगते, केमिकलचं तेलाले भीत नाई पन ताणाले कच्चं. म्हनून दोन्ही पाहिजेत, पन त्यायचं आपसात जमत नाई, हाच तर सारा कुटाना हाय.

झाडाचं रबर लय कडक असते हो. त्याले आधी मशीनच्या दोन लोखंडी रुळांतून एकटंच काढा लागते, पुन्हा काढा, पुन्हा काढा, कनकीसारखं मऊ येईस्तोवर, मंग थंड होऊ द्या, अन् मंगच दुसरं घाला. हे मले कोनं शिकवलं? कोनीच नाई. मानसं चहाले जात तवा मी मशीन धरून शिकली. बाई अन् मशीनवर, लोक हसत. हसा म्हनलं, हसतीन त्यायचे दात दिसतीन.

मंग नवा इंजिनिअर साहेब आला. मले म्हने, मावशी, एवढा वेळ कशाला घालवता, सगळं एकदमच टाका. म्हनलं साहेब, जमनार नाई, पट्टा आतून फुटीन. तर म्हने, शिकून मी आलो की तुम्ही? अस्सा राग आला मले! म्हनलं शिकले असान, पन तसा घाणा, तशी सगळं एकदम टाकलेली खेप, मी टाकनार नाई. त्यानं मले मशीनवरून हटवलं, कटाईच्या टेबलावर बसवलं, अन् कारखान्याच्या शेठले सांगलं का बाई ऐकत नाई, काढून टाका. दोन लेकी शिकून राह्यल्या माह्या, काम गेलं तर त्यायची फी कोन भरीन? पन माफी? नाई मांगतली.

त्याचा घाणा निंघाला, पट्टा वरून कसा गुळगुळीत. मी त्याची एक पट्टी कापली, माह्या जुन्या घाण्याची एक घेतली अन् सरळ शेठच्या हापिसात. म्हनलं शेठ, तुम्हीच वढा. माह्यी ताणली अन् होती तशी परत आली. साहेबाची टचकन तुटली, अन् तुटल्या जागी न मिसळलेल्या रबरच्या नुसत्या गाठी. शेठनं साहेबाले बलावून ती तुटलेली पट्टी त्याच्या हाती देली. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर.

आता साहेबानं भिंतीले कागद लावला हाय, झाडाचं रबर आधी मळा, दुसरं मंग घाला, अन् खाली सही त्याची! असू द्या. पन किती मळा लागते ते नाई त्या कागदावर. उन्हाळ्यात वेगळं, हिवाळ्यात वेगळं, ते हाताले कळते. लेकी म्हनतात, माय, सांगून टाक न. काऊन सांगू वं? साहेब माह्या मशीनपाशी येऊन विचारीन तवा सांगीन. भलं होवो त्याचं, लेकरासारखाच हाय. पन त्याले विचारा लागीन. मी काही कुठं जाऊन नाई राह्यली.