मुलाकडची चावी

गॅरेजच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन मी माझ्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी एक वयस्कर जोडपं. मेकॅनिक हात पुसत आला.

"काका, इंजिन ठणठणीत आहे. ही चावी बाहेरून कापून घेतलीत ना? दार उघडतं, पण हिच्यात चिप नाही. गाडी तुम्हालाच चोर समजतेय, म्हणून सुरू होत नाही."

"मग चिपवाली करून द्या."

"देतो. जुनी कुठंय?"

"मुलाकडे."

"ती आणा, दोन्ही चालतील. नाहीतर नवी जोडताना जुनी रद्द होते. मग तिने गाडी सुरू होणार नाही."

"तो कुठंय तेच माहीत नाही हो. चावी खिशात घालून गेला, तो गेलाच."

"अहो, रद्द नाही करायची," काकू म्हणाल्या.

"अगं, तुला दवाखान्यात न्यायचं कसं?"

"बसने जाईन. रात्री-अपरात्री आला, गाडीत बसला आणि सुरूच झाली नाही तर?"

"बेल वाजवेल."

"आपला तो? बेल वाजवेल? आल्या पावली परत जाईल."

मी बाळाला जवळ ओढलं. काका मेकॅनिककडे वळले.

"गाडी ढकलायला माणसं मिळतील का? घरापुढे होती तशीच उभी करायचीय."