तुसातली अंडी

ताओ काकू : नको, चहा नको. कोंबडी घरट्यातून उठेना, हात लावला तर चोच मारतेय. खुडूक बसली एकदाची! आण माझी अंडी.

श्युमेई : आत्ता उन्हाची कुठं नेता? संध्याकाळी मी आणून देते.

ताओ काकू : समोर तर घर माझं! स्लॅबखाली तापू नयेत म्हणून तुझ्या मागच्या मातीच्या खोलीत ठेवली, ती काय कायमची? रोज कलती करत होतीस ना?

श्युमेई : होते.

ताओ काकू : टोक खाली?

श्युमेई : हो. तुसातच आहेत. तुम्ही ठेवली होती तशी.

ताओ काकू : मग तोंड का पाडलंयस? कालची विहीण नाही म्हणाली?

श्युमेई : नाही हो. होकार आला. तिकडे चांगशा शहरात पोराला फोनही केला.

ताओ काकू : येणारच! साखरपाण्यातली अंडी काय सुरेख केली होतीस. मलाही सोबतीला बसवून वाटी भरून दिलीस. रीत म्हणून एक मागे ठेवलं, पण जीव अडकला होता हो त्यात. आण, टोपली दे.

श्युमेई : घ्या.

ताओ काकू : अगं, टोपलीची कडी सोडशील की नाही! कोंबडा रानमांजरानं नेला. आमच्या म्हाताऱ्यानं डोंगरापलीकडून ती जोडी आणली तेव्हा त्याच्या पायातले जोडे फाटले होते. त्यांचा वंश आता एवढाच, या टोपलीत. यातून पिल्लं निघाली नाहीत ना, तर त्या कोंबडीलाच कापून खाते बघ.

श्युमेई : तिला कापू नका, काकू.

ताओ काकू : का गं?

श्युमेई : तिची चूक नाही. ही अंडी तिची नाहीत. दुकानातली आहेत.

ताओ काकू : काहीतरीच! ही बघ माझी कोळशाची खूण.

श्युमेई : ती मी काढलीय. आज सकाळी.

ताओ काकू : मग माझी कुठं आहेत?

श्युमेई : लग्न जुळवणारी बाई आज येते म्हणाली होती आणि विहिणीला घेऊन कालच दारात. माझ्या कोंबड्या पिसं गाळतायत, घरात अंडं नाही, दुकानाला कुलूप. सोयरिकीला अंडी द्यायची रीत, आणि विहिणीपुढे नुसता चहा ठेवू? आल्या पावली परत गेली असती ती.

ताओ काकू : मी समोर राहते. एक हाक मारायचीस.

श्युमेई : मारली की. सोबतीला बसा म्हणून.

(ताओ काकू टोपली खाली ठेवते.)

ताओ काकू : म्हणजे काल मी... बलक किती पिवळाजर्द, म्हणाले मी. विहिणीला आग्रह केला, आणखी एक घ्या म्हणून.

श्युमेई : तुम्ही बोलत होता आणि मला वाटत होतं, भुईनं पोटात घ्यावं. ती गेली की सांगू म्हटलं. मग म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी दुकान उघडलं आणि मी कोळसा हातात घेतला. त्याचीच जास्त लाज वाटते, काकू.

ताओ काकू : वाटू दे.

श्युमेई : रागवा तरी.

ताओ काकू : कुठल्या तोंडानं? ज्यानं चाटूनपुसून खाल्लं, त्या? ते मागे ठेवलेलं अंडं...

श्युमेई : शिजलेलं होतं, काकू.

ताओ काकू : हो. शिजलेलंच होतं. उचल ती टोपली.

श्युमेई : कशाला? यातून काही निघायचं नाही.

ताओ काकू : ते मला ठाऊक आहे, तिला नाही. सकाळपासून रिकामं घरटं धरून बसलीय बिचारी.

श्युमेई : देते आणून.

ताओ काकू : माझ्याकडे नको देऊस. तिच्या पोटाखाली तूच ठेव. माझ्या हातानं नाही व्हायचं ते.