आधी उंची, मग लॉकर

पिकअप उंच करून घेतलीस, मग परत लॉकर कशाला, असं विचारतोस ना? आईक.

शेवगावच्या मिस्त्रीनं बजावलं हुतं, “स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी नुसती उंच हुईल. चिखलात एकच चाक फिरत बसंल. मागच्या आसात लॉकर टाक, दोन्ही चाकं संगं वढतील.”

मी म्हनलो, “आधी उंची. घोडेगावच्या बाजारात गाडी उठून दिसली पायजे.”

पावसाळ्यात वस्तीवर वडलांच्या छातीत कळ आली. गाडी येवढी उंच, की त्यांना बाजेवर उभं करून आत चढवलं. पुढं काळ्या रानात रुतलो. एकच चाक गरगरत हुतं.

वडील हळूच म्हनले, “गाडी दिसती मात्र लई भारी.”

डांबरीपर्यंत त्यांना पाठीवर नेलं, तवर सगळं संपलं हुतं.

लॉकर तेराव्यानंतरचा हाय.