आईच्या साठ पुड्या

बीपीच्या गोळ्यांचं नाव काढू नका राव. जर्मनीत होतो तेव्हा माझ्या गोळ्या संपत आल्या आणि तिथल्या डॉक्टरची वेळ मिळाली थेट दीड महिन्यानंतरची. म्हणून इथे नाशिकला आईला फोन केला, म्हटलं चिठ्ठीसकट कुरिअर कर. आता आमची आई म्हणजे मनमाडला एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होती. तिला सांगावं लागतं का?

पार्सल कस्टममध्ये अडकलं. बोलावलं म्हणून गेलो, तर टेबलावर मराठी पेपरात बांधलेल्या साठ पुड्या.

तिथली बाई म्हणाली, "हे काय आहे?"

"औषध."

"मग कंपनीचं पाकीट कुठंय?"

तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "स्ट्रिपा उगाच जागा खातात, म्हणून गोळ्या सोडवून घेतल्या. आणि प्रत्येक पुडीवर लिहिलंय की, सकाळी, नाश्त्यानंतर!"

तेही त्या बाईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि पार्सल परत पाठवलं.

मग काय, डॉक्टरची वेळ येईपर्यंत बिनमिठाचे उकडलेले बटाटे खाल्ले. शेवटी गोळ्या मिळाल्या, त्याच दिवशी आईचा फोन.

"पार्सल परत आलं. पुड्या मोजल्या मी."

"बरं, मग?"

"साठच्या साठ आहेत. एकसुद्धा घेतली नाहीस. लहानपणी खिडकीतून फेकायचास, आता कुरिअरने परत पाठवतोस होय रे?"