पायलचे रोडगे इतक्यात नको

बाया-बाप्यांनो, तुम्ही सारे आले, शाळेचं मैदान भरलं. मले भाषण येत नाही. पण गोलूच्या मायनं, मंदानं, सकाळी सांगितलं, "माह्या तोंडातून शब्द निघत नाही बाई. तूच सांग."

म्हणून सांगते. गोलू अन् माही पायल, दोघायले एकच रोग. रक्ताचा कॅन्सर. नागपूरले वार्डात दोघायच्या खाटा शेजारी होत्या. डॉक्टर म्हणाले, "पूर्वी या रोगाची लेकरं हातून जायची. आता औषधं निघाली, बहुतेक बरी होतात. पण दोन-अडीच वर्षं गोळी सोडायची नाही. लेकरू खेळायला लागलं तरी नाही."

गोलू खेळायले लागला. डोक्यावर केस आले. कापसाच्या भावानं साऱ्यायले रडवलं, तवा गावात एक तरी चांगली गोष्ट झाली म्हणून आपण सारे मरीमायच्या नवसाचे रोडगे जेवलो. जेवलो का नाही? मग घरातले म्हातारे म्हणाले, "नवस फेडला. आता गोळ्या दिल्या त मरीमायवर भरोसा नाही असं होईल." गोळ्या बंद झाल्या. कोणालेच त्यात वावगं वाटलं नाही. कुंद्याचं तण वरून कापलं तरी मातीत त्याचे गड्डे राह्यतात, हे आपल्याले वावरात समजते. लेकराच्या हाडात रोग तसाच दडून राह्यतो, हे नाही समजलं. दिवाळीत ताप आला. रोग फिरून आला होता. अन् परवा गोलू गेला.

मंदाले बोल लावू नका. गोळ्या चालू असत्या त गोलू वाचलाच असता, असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. त्याचंच मले भेव वाटते. लय भेव वाटते. पायलचं अंग जरा कोमट लागलं का रातभर उशाशी बसून राह्यते. रोज तिची मान चाचपते, गाठ त नाही? काल तिनं विचारलं, "आई, गोलूले माहाच रोग होता न?" म्या तिले पोटाशी धरलं अन् रडली.

ते तिथं माहे सासरे बसले आहेत. येत्या मंगळवारी पायलचे रोडगे ठरवले त्यायनं. मामाजी, चार लोकांत बोलते, माफ करा. गावकऱ्यांनो, हात जोडते, जेवायले येऊ नका. कोणीच येऊ नका. डॉक्टर गोळ्या बंद करा म्हणतील, त्या दिवशी म्याच घरोघरी बोलावणं देईन.

आता उभे राहा. गोलूसाठी जराक वेळ कोणी बोलू नका. पायल, तू बी ये, माह्याजवळ उभी राह्य.