आबांच्या बोटीची माफी कुठे अडली?

मंडळी, आबांच्या हयातीत मच्छीमार सोसायटीच्या सभेला एवढी माणसं आली असती, तर आज ही शोकसभा भरवायची वेळ आली नसती. मी त्यांचा शेजारी, जन्मभर त्यांच्याशी भांडलो. समोर माई बसल्या आहेत. जिचा नवरा गेला त्या बाईकडे बघून बोलणं कठीण आहे. आणि खरं सांगू? मला रडू कमी आणि संताप जास्त येतोय.

आबा कुठे गेले? दर्यात नाही. तालुक्याच्या कचेरीत, बाकावर. साहेब जेवायला गेले होते, आबा थांबले होते. छातीत कळ आली आणि तिथेच संपलं. कशासाठी थांबले होते? एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.

आपल्या देवबागेत बोटींना इंजिनं आली ती परदेशी कर्जातून. त्या देशाने सरकारला कर्ज दिलं, सरकारने आपल्याला. पुढे रेडिओवर बातमी आली, त्या देशाने ते कर्ज माफ केलं. आबा खुशीत माझ्या खळ्यात, अंगणात आले. आणि मग हप्त्याची मागणी आली, पहिल्यासारखीच! तेव्हापासून आबांचं एकच. "माफी दिल्लीत पोचली, मगे देवबागेत कित्याक येणा नाय? वाटेत खंय अडली?" चुकीचं विचारत होते का, सांगा?

त्यात डिझेलवरचा कर. कचेरीतले साहेब म्हणाले, कर रस्त्यांसाठी असतो. आबा म्हणाले, "दर्यात खंयचो रस्तो बांधलात?" रुपया घसरला, इंजिनाचे सुटे भाग महागले. त्याचा जाब कोणी द्यायचा? कोणीच नाही!

जेटीवरचा तो समारंभ आठवा. मुंबईचे मोठे साहेब आले होते. पाहुण्यांचे आभार मानायला आबांना उभं केलं आणि त्यांनी देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं. कराचं, हप्त्याचं, माफीचं. आपण सगळे देवळातल्यासारखेच ओरडलो, "व्हय महाराजा!" साहेबांना वाटलं, आपलाच जयजयकार. हसत हात जोडले. काय बोलायचं अशा माणसांना! शेवटी म्हणाले, वर कळवतो. आबा माइक सोडीनात. "वर म्हणजे कोण? नाव सांगा. नाव सांगल्याशिवाय मी बसूचंय नाय." नाव काही मिळालं नाही. आबा एकटे उभे, आणि आपण सगळे चहा प्यायला गेलो.

काल कचेरीचा शिपाई थकलेल्या हप्त्यांसाठी जप्तीची नोटीस घेऊन आला. आबांच्याच नावाची. माई म्हणाल्या, "ते नाय रे आता." तो म्हणाला, "मगे तुमी सही करा." उद्या सकाळी आबांची बोट जप्त करायला माणसं येणार आहेत. माईंच्या घरात कमावणारं दुसरं काही नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं?

उठा, मंडळी. दोन मिनिटं आबांसाठी गप्प उभं राहू. आणि उद्या उजाडताच असेच सगळे त्यांच्या बोटीभोवती येऊन उभे राहा. तिथे मात्र गप्प राहायचं नाही.