उमापूरच्या अक्षता

आप्पा : गाडी कावून... थांबीवली बे?

अंगद : काकूंनी सांगितलं म्हणून, आप्पा. तुमची धाप बघून त्या घाबरल्यात.

गीताबाई : घाबरू न्हाई तर काय करू? मांडवातनं गाडीपस्तोर चाललात, ते बी कुणाच्या तरी खांद्याला धरून. अन् अजून दम खाली बसंना. घाम बघा, सदरा पिळून निघंल.

आप्पा : ऊन हाय. एसी... वाढव.

अंगद : एसी फुल्लच हाय. आमी दोघं काकडलाव हितं.

आप्पा : मग गॅस असंल. बुंदी लई... झाली. सोडा घे कुठंतरी अन् चल... उमापूरच्या लग्नाला. सटवा वाट बघत असंल.

गीताबाई : सोडा दोनदा झाला. एक ढेकर न्हाई आला. नांदूरघाटच्या लग्नात स्टेजवर चढलात, तवा धड होतात की. आत्ताच काय झालं एवढं?

अंगद : आप्पा, रागावू नका, पण तुमी तुकडं तुकडं करून बोलायलात. एरवी माईक हातातनं काढून घ्यावा लागतो तुमच्या.

आप्पा : तू... डॉक्टर हायेस का बे?

अंगद : डॉक्टर असतो तर तुमच्या शिव्या कावून खाल्ल्या असत्या?

गीताबाई : छातीत दुखतंय का? खरं सांगा.

आप्पा : दुखत असतं तर... बोललो असतो. हार्टवाल्याला दुखतं. मला... काय बी दुखत न्हाई.

गीताबाई : चार रात्री झाल्या, तुमी आडवे पडला न्हाईत. उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपताय. इचारलं की म्हणता, उकडतंय. मला भ्या वाटायलंय आता.

अंगद : काकू, ओठ बघा त्यांचे. मला आरशात निळे दिसायलेत. एकशे आठला फोन लावू का?

गीताबाई : ती गाडी येईस्तोवर कुठं बसायचं? गेवराई ही काय समोर दिसतीय. सरळ दवाखान्यात घे.

आप्पा : न्हाई म्हणतो ना. दवाखान्यात शिरलो की... उद्या सकाळी शंभर जीपा उभ्या. झेडपी इलेक्शनच्या... तोंडावर. आप्पा गेला म्हणतील.

गीताबाई : जाऊ नये म्हणूनच नेतीय.

आप्पा : अगं, सटवा माझ्याबिगर... अक्षता टाकायचा न्हाई. त्याची पोरगी पाटावर... उभी असंल. तिच्या बारशाला गेलतो मी. तवाच... शब्द दिलाय त्याला. पाच मिन्टं आशीर्वाद देतो. मग कुठं बी न्या.

गीताबाई : तुमची पाच मिन्टं मला ठाऊक हायेत. सकाळच्या नवरदेवाला भोवळ यायची ऱ्हायली.

आप्पा : अंगद, गाडी काढ. मालक... कोण हाय हितं?

अंगद : तुमीच, आप्पा. थांबा, सटवाभाऊला इचारतो, तिकडं कुठवर आलंय ते. ...हॅलो, सटवाभाऊ? अंगद बोलतो, आप्पांचा डायव्हर. आमी रस्त्यात हाव. ...हां. ...हां. ...बरं, सांगतो. ठेवा.

आप्पा : काय म्हणला?

अंगद : लग्न लागलं म्हणले. मुहूर्त टळायलाता, पाव्हण्यांनी घाई केली. पंगत बसलीय आता.

आप्पा : माझ्याबिगर?

अंगद : हां.

आप्पा : सटवानं... असं केलं?

गीताबाई : बोलू नका. पुढं वाका जरा, माझ्या खांद्यावर हात टेका. आडवं व्हायचं न्हाई, असंच बसून ऱ्हावा.

आप्पा : मग आता... कशाची घाई. न्या कुठं... न्यायचं तिथं.

(गेवराईतल्या दवाखान्याचा व्हरांडा. आप्पांना आत घेऊन बराच वेळ झाला आहे.)

अंगद : काय म्हणले डॉक्टर?

गीताबाई : अटॅक हाय. फुप्फुसात पाणी उतरलंय. ह्यांच्यावानी शुगर असली की छातीत दुखंलच असं न्हाई म्हणले, नुसता दम बी लागतो. अचानक दम लागला, घाम फुटला, बोलताना वाक्य पुरं होईना, की तशीच गाडी दवाखान्याकडं वळवायची, सोडा पीत बसायचं न्हाई. अन् उशा रचायला लागले त्याच दिवशी आणायचं होतं म्हणले. शाळेतल्या पोरीसारखं ऐकून घेतलं मी.

अंगद : पण वाचतील न्हवं?

गीताबाई : इंजेक्शनानं पाणी कमी व्हायलंय. आता अँब्युलन्समधनं संभाजीनगरला हलवायचंय, तिथं हृदयाच्या नळीतली गाठ काढतील. उमापूर करून आला असता तर लई उशीर झाला असता, म्हणले डॉक्टर.

अंगद : बरं झालं मग.

गीताबाई : ह्या माणसाचं तर वेगळंच. मास्क बाजूला सारून मला इचारतात, सटवानं खरंच थांबवलं न्हाई का गं? डोळ्यांत पाणी होतं. अटॅकचं सांगितलं तर नुसतं हूं म्हणले. हे मातर लई लागलंय त्यांना.

अंगद : काकू, थांबलेत तिकडं.

गीताबाई : कोण?

अंगद : सटवाभाऊ. अजून थांबलेत. फोनवर म्हणले, आप्पांना सावकाश येऊ दे, दिवस मावळला तरी त्यांच्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. आप्पांना तसं सांगितलं असतं तर त्यांनी मला उतरवून सोता गाडी हाकली असती.

गीताबाई : लाव फोन. आण हिकडं. ...सटवादादा, गीताबाई बोलतेय, आप्पांच्या घरनं. अक्षता टाका तुमी. ...न्हाई, येत न्हाईत. दवाखान्यात हायेत. ...न्हाई, कुणी यायचं न्हाई. आधी लग्न लावा, पोरगी ताटकळलीय तिकडं. ...रडू नका, दादा. त्यांचा आशीर्वाद हाय असं समजा. ठेवते.

अंगद : आप्पांना सांगून येऊ का? थांबलेते म्हणून. बरं वाटंल त्यांना.

गीताबाई : नको. उठून तिकडं निघतील. आजच्या दिवस दुखू दे.